काचपात्रातील प्रवाळ : वाढ आणि आवर

संस्कृत भाषेत पोवळ्यास दोन नावे आहेत : विद्रुम आणि प्रवाल. अमरकोशात ही दोन्ही शेजारीशेजारी आढळतात. द्रुम म्हणजे वृक्ष. तेव्हा विद्रुम म्हणजे काही विशेष प्रकारचा वृक्ष, अशी या शब्दाची फोड परंपरेने केली जाते. 'प्रवाल' शब्दाचा दुसरा अर्थ तर कोवळा अंकुर, नवी पालवी असाच आहे. आमच्या कोकणीतील 'पोवळें' आणि मराठीतील 'पोवळे' ही याच प्रवालाची रूपे होत. म्हणजे ज्या पूर्वजांनी ही नावे ठेविली, त्यांना समुद्राच्या तळाशी असलेली ही वस्तू झाडासारखी भासली असली पाहिजे.

हा समज केवळ आपल्याकडेच होता असे नव्हे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत विद्वान मंडळी प्रवाळास वनस्पतीच मानीत. त्या शतकाच्या आरंभी मार्सिली या इटालियन पंडिताने पाण्यात ठेवलेल्या प्रवाळावर इवलीशी पांढरी 'फुले' उमललेली पाहिली, आणि वनस्पतीचा पक्ष अधिकच बळकट झाला. पुढे पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने ती फुले नसून प्राणी आहेत असे प्रतिपादन केले, तेव्हा प्रथम त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. आज मात्र शाळेतील मुलासही ठाऊक असते की प्रवाळ हा प्राणी आहे. असे असूनही प्रवाळ पाळणाऱ्या माणसास अखेर माळ्याचेच काम करावे लागते, ही मौजेची गोष्ट आहे. हे कसे घडते, ते या लेखात पाहावयाचे आहे.

आरंभी एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. अंगठीत मंगळाचे रत्न म्हणून जे तांबडे पोवळे बसवितात, ते भूमध्य समुद्रातील एका निराळ्या गटातील प्रवाळाचे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदरातून हे पोवळे लिस्बनमार्गे गोव्यास येत असे आणि त्याच्या मोबदल्यात येथून हिरे जात असत. गोव्यातील सारस्वत व्यापाऱ्यांचा या व्यवहारात मोठा हात होता. परंतु त्या तांबड्या पोवळ्याने बेटे बांधली जात नाहीत. बेटे आणि खडक उभारतो तो दगडी प्रवाळ. लक्षद्वीपची बेटे त्यानेच घडविली. आपल्या लेखाचा विषय हा दगडी प्रवाळ आहे, आणि त्यातही जो झपाट्याने वाढतो तो.

दगडी प्रवाळाचा एक जीव, ज्यास पॉलिप म्हणतात, तो बहुधा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. त्याचे शरीर म्हणजे एक मऊ पिशवी. पिशवीचे तोंड वर असते आणि तोंडाभोवती बारीक शुंडांचे कडे असते. हा जीव आपल्या बुडाखाली चुनखडीची वाटी रचतो आणि तीत बसतो. वाटीखाली नवा थर रचावयाचा आणि आपण वर सरकावयाचे, असा त्याचा जन्मभराचा उद्योग असतो. एका पॉलिपास शेजारी दुसरा अंकुर फुटतो, दुसऱ्यास तिसरा. सर्वांची कातडी एकमेकांस जोडलेली राहते. अशा रीतीने सहस्रावधी जीवांची एक वसाहत होते. आपण जिला प्रवाळाची फांदी म्हणतो, ती वस्तुतः एक गाव असते.

एवढ्याशा जिवास इतका चुना रचण्याचे बळ कोठून येते? त्याच्या कातडीत सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग यजमानास देतात. यजमान त्यांस आसरा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून देतो. टॉमस गोरो या शास्त्रज्ञाने किरणोत्सर्गी कॅल्शियमच्या साहाय्याने केलेले प्रयोग १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने चुना रचतो हे स्पष्ट झाले. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण अन्नासाठी त्याने झाडाशी भागी केली आहे. आपल्या पूर्वजांनी त्यास विद्रुम म्हटले, त्यात थोडे तरी तथ्य होते असे आता म्हणता येईल!

सर्व दगडी प्रवाळ सारख्या वेगाने वाढत नाहीत. गोल धोंड्यासारखे जे प्रवाळ असतात, ते वर्षास जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. याउलट अॅक्रोपोरा या कुळातील सांबरशिंगी प्रवाळाची फांदी अनुकूल समुद्रात वर्षाला दहा ते वीस सेंटिमीटर लांब होते. या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांच्या प्रत्येक फांदीच्या टोकास एक मुख्य पॉलिप असतो. तो सतत पुढे वाढत जातो आणि त्याच्या अंगाला चोहोबाजूंनी धाकटे पॉलिप फुटतात. वाढते टोक फिकट, जवळजवळ पांढरे दिसते, कारण तेथे शैवले विरळ असतात. त्याचे पोषण मागील भागाकडून होते. घरातील कर्ता पुरुष दूरदेशी नवी वसाहत करावयास जावा आणि मागे राहिलेल्यांनी त्यास शिधा पुरवावा, तसाच हा प्रकार आहे. माँटिपोरा हा दुसरा वेगवान प्रवाळ ताटासारखा आडवा पसरतो. पोसिलोपोरा आणि स्टायलोफोरा यांची झुडपे दाट व गुबगुबीत असतात.

असे हे समुद्रजीव घरातील काचेच्या टाकीत जगविण्याची विद्या फार जुनी नाही. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील सच्छिद्र खडक, त्यावरील सूक्ष्म जीवांसह, टाकीत ठेवावयाचे आणि हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलते ठेवावयाचे, एवढीच त्यांची युक्ती होती. ती साधी होती, परंतु तिच्यामागील विचार खोल होता. मासे आणि प्रवाळ यांच्या मलातून निघणारा अमोनिया विषारी असतो. खडकाच्या पृष्ठभागावरील जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आतील, प्राणवायू कमी असलेल्या भागातील दुसरे जंतू त्या नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. निसर्गातील सफाईखाते असे त्यांनी टाकीत आणून बसविले. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील पेटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा उपयोग प्रचारात आणला. पुढे १९८० च्या दशकात बर्लिन येथील हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि पाण्यातील विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र यांची सांगड घातली. 'बर्लिन पद्धत' या नावाने ती जगभर ओळखली जाते. फेस काढण्याचे तत्त्व मात्र आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांचा जो पिवळसर फेस साचतो, तोही बुडबुड्यांना चिकटून आलेल्या सेंद्रिय द्रव्यांचाच असतो.

आता या टाकीस काय काय लागते ते पाहू. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेल्सियस राहिली पाहिजे. मीठ दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे खुल्या समुद्राइतके असावे. टाकीतून वाफ होऊन जाते ते गोडे पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावयाची, खाऱ्या पाण्याने नव्हे. प्रकाश दिवसातून आठ ते दहा तास भरपूर हवा. पाण्याचा प्रवाह जोरकस, पण एकाच दिशेने न वाहता इकडून तिकडे फिरणारा हवा, कारण प्रवाळास जागचे हलता येत नाही. त्याच्याकडे प्राणवायू आणून देणे आणि त्याच्या अंगावरील कचरा वाहून नेणे हे काम पाण्यालाच करावे लागते. इतकी व्यवस्था नीट बसली म्हणजे प्रवाळ वाढू लागतो. आणि येथूनच खऱ्या अडचणींस आरंभ होतो. प्रवाळ जगेना म्हणून जो काल कष्टी होता, तोच आज प्रवाळ फार वाढला म्हणून चिंतेत पडतो.

पहिली अडचण चुन्याची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्याबरोबरच पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचा साठा असतो; तो मोजण्याच्या मापास अल्कता म्हणतात. हौशी मंडळी ती जर्मन अंशांत मोजतात. समुद्राची अल्कता सुमारे ७ अंश असते. टाकीत ती ७ ते ११ अंशांच्या दरम्यान कोठेतरी, पण एकाच ठिकाणी स्थिर ठेवितात. प्रवाळ चुनखडी रचतो तेव्हा ही दोन्ही द्रव्ये ठराविक प्रमाणात खर्च होतात : अल्कता एक अंश उतरली की दर लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम गेले असे समजावे.

हे गणित थोडे पुढे नेऊ. समजा, टाकीत २०० लिटर पाणी आहे आणि अल्कता रोज एक अंश उतरते. अल्कतेचा एक अंश म्हणजे दर लिटरमागे जवळजवळ १८ मिलिग्रॅम चुनखडी. तेव्हा २०० लिटरांत रोज साडेतीन ग्रॅमांहून थोडी अधिक चुनखडी प्रवाळांच्या अंगी लागते. वर्षाची बेरीज केली तर ती सुमारे १.३ किलोग्रॅम होते! काचेच्या एका पेटीत, कोणाच्याही नजरेस न पडता, तांदळाच्या दाण्याएवढे जीव एका वर्षात सव्वा किलोहून अधिक दगड घडवितात. आणि हे गणित आणखी एक गोष्ट शिकविते. कॅल्शियम ४२० वरून ४१३ वर आले तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण अल्कता ८ वरून ७ वर आली तर आठवा हिस्सा साठा संपला. म्हणून शहाणा पालक प्रथम अल्कता मोजतो, आणि ती रोज ठराविक वेळी मोजतो.

हा खर्च भरून काढण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. प्रयोगशाळेत ज्या निवळीत आपण नळीने फुंकतो आणि जी दुधासारखी पांढरी होते, तीच ही. पाण्यात शुद्ध चुना कालवून तो खाली बसू द्यावयाचा आणि वरचे नितळ पाणी थेंबथेंब टाकीत सोडावयाचे. निवळीचे भांडे झाकून ठेवणे अवश्य, कारण हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड तिच्याशी संयोग पावून वर पांढरी साय धरतो आणि निवळी तितकी निःसत्त्व होते. ती फार दाहक असते, म्हणून एकदम ओतावयाची नाही. ती रात्री सोडणे अधिक चांगले. दिवसा शैवले कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात. रात्री ते काम थांबते, तो वायू पाण्यात साठतो आणि पाणी किंचित आम्लतेकडे झुकते. निवळी नेमकी त्याच वेळी तोल सावरते.

आपल्या उदाहरणातील टाकीस रोज सुमारे १.६ लिटर निवळी पुरते. अशा टाकीतून वाफ होऊन जाणारे पाणी रोज दोनतीन लिटर असते असे धरले, तर ती तूट निवळीनेच भरता येते आणि काम साधते. परंतु प्रवाळाची वाढ सरळव्याजाने होत नाही. ती चक्रवाढीने होते. एका फांदीस चार फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचे टोक आपापला चुना मागू लागते. खर्च दुप्पट झाला की ३.२ लिटर निवळी हवी. वाफ तर तितकी होत नाही. मग पाणी ओतावयाचे कोठे? या टप्प्यावर पालकास दुसरी व्यवस्था करावी लागते. एक तर कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा यांची दोन वेगवेगळी द्रावणे मोजून घालावयाची, नाही तर मृत प्रवाळाची खडी भरलेल्या नळकांड्यात कार्बन डाय-ऑक्साइड सोडून ती विरघळवावयाची आणि ते पाणी टाकीत परत आणावयाचे. या दुसऱ्या उपायात मेलेल्या प्रवाळाच्या हाडांवर जिवंत प्रवाळ पोसला जातो. गोव्यातील जुनी घरे शिंपल्यांच्या चुन्याने बांधली गेली, त्याचे येथे स्मरण होते. कोणताही उपाय योजिला तरी घाई करावयाची नाही. अल्कतेत एका दिवसात एका अंशाहून अधिक फरक पडू देऊ नये, असा जाणकारांचा दंडक आहे. एकाएकी चढउतार झाला तर फांद्यांची टोके करपतात आणि कातडी बुडापासून सुटू लागते.

दुसरी अडचण सावलीची. वेगाने वाढणारा प्रवाळ वर पसरला की खालच्यांचा उजेड अडवितो. माँटिपोराचे ताट हातभर पसरले तर त्याच्याखाली काही जगत नाही. इतकेच नव्हे, तर दाट वाढलेले झुडूप स्वतःचाच घात करते. त्याच्या मधल्या भागात ना प्रकाश पोहोचतो ना प्रवाह. तेथे कचरा साचतो, बुडाची कातडी मरते, त्यावर रानटी शैवाल माजते आणि बाहेरून टवटवीत दिसणारी वसाहत आतून पोकळ होत जाते. बाहेरून पाहणारा मात्र तिच्या वैभवाचे कौतुकच करीत असतो.

तिसरी अडचण भांडणाची. प्रवाळ शांत दिसतात, पण ते अत्यंत भांडखोर शेजारी आहेत. काहींच्या शुंडा रात्री वीतभर लांब होऊन शेजाऱ्यास डंख करतात. काही तर आपल्या जठरातील तंतूच बाहेर काढून शेजाऱ्यावर टाकतात आणि त्यास जागच्या जागी पचवितात. ज्युडिथ लँग या शास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या युद्धाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुधा असे आढळते की सावकाश वाढणारे प्रवाळ हातघाईच्या लढाईत बलवान असतात, आणि वेगाने वाढणारे तेथे दुबळे असूनही शेजाऱ्याच्या डोक्यावरून पसरून त्याचा प्रकाश बंद करतात. समुद्रात वादळे, मासे आणि समुद्रतारे यांच्यामुळे या चढाओढीस काही मर्यादा पडते. वादळ आले की उंच फांद्या मोडतात आणि खालच्यांस पुन्हा ऊन मिळते. काचेच्या टाकीत वादळ येत नाही. तेव्हा वादळाचे काम पालकास आपल्या हाताने करावे लागते.

हे काम म्हणजे छाटणी. हाडे कापण्याच्या वैद्यकीय चिमट्यासारखी बळकट कात्री घ्यावयाची, हातांत मोजे व डोळ्यांवर चष्मा चढवावयाचा आणि जेथे दोन वसाहती एकमेकींस भिडण्याच्या बेतात आहेत, तेथील फांद्या प्रथम काढावयाच्या. मग मधल्या दाटीतील काही फांद्या बुडापासून काढून प्रवाहास वाट करून द्यावयाची. सारी छाटणी एका दिवशी न उरकता काही आठवड्यांच्या अंतराने थोडीथोडी करणे हितावह, कारण कापलेल्या जागेतून चिकट द्राव पाण्यात उतरतो आणि टाकीतील सर्वांस त्याचा त्रास होतो. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानी येत नाही. छाटणीमुळे चुना खाणारी तोंडे एकदम कमी होतात. निवळी मात्र पूर्वीइतकीच पडत राहिली तर अल्कता भराभर चढते, आणि कात्रीने जे वाचविले ते चुन्याने मरते. म्हणून छाटणी केल्यावर पुन्हा रोज मोजमाप करून पुरवठा बेताने कमी करावा लागतो.

कापलेला तुकडा फुकट जात नाही. जास्वंदीची किंवा क्रोटनची फांदी तोडून मातीत खोचली की ती मूळ धरते, हे आपण आपल्या परसात पाहतोच. प्रवाळाचेही तसेच आहे. तीन ते पाच सेंटिमीटरांचा तुकडा, काही क्षण आयोडिनच्या पाण्यात बुडवून, सिमेंटच्या लहान चकतीवर घट्ट होणाऱ्या डिंकाने चिकटवितात. दोनतीन आठवड्यांत त्याची कातडी खाली ओघळून चकतीवर पसरते. याचा अर्थ तुकड्याने जागा धरली. समुद्रातही वादळात मोडलेल्या फांद्यांतून अशाच नव्या वसाहती उभ्या राहतात. एकाच वसाहतीचे दोन तुकडे पुढे एकमेकांस भिडले तर ते भांडत नाहीत. एकमेकांत मिसळून एक होतात. परक्याशी मात्र लढाई सुरू होते. मेंदू नसलेल्या या जिवास आपपर कळते, हे नवल नव्हे काय?

बर्लिनच्या डिट्रिख श्ट्यूबर यांची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्यांच्या टाकीत १९८० च्या दशकात अॅक्रोपोराची एक वसाहत चांगली वाढली. त्यांनी तिचे तुकडे करून इतर हौशी मंडळींस दिले. त्यांनी आपापल्या टाकीत ते वाढवून आणखी इतरांस दिले. तो प्रवाळ पुढे श्ट्यूबर यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या देवघेवीतून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली : टाकीसाठी दर वेळी समुद्रातून प्रवाळ तोडून आणण्याची गरज नाही. ज्याच्याकडे वाढ जास्त झाली, त्याने ती कापून वाटावी. वाटल्याने दात्याची टाकी मोकळी होते, घेणाऱ्याची भरते आणि समुद्रावरचा भार तेवढा कमी होतो. शिवाय दात्याच्या टाकीस काही अपघात झाला, तर त्याचाच प्रवाळ दुसऱ्याच्या घरातून परत मिळू शकतो. घरातील जुने लोणच्याचे किंवा विरजणाचे वाण शेजारणीकडे दिलेले असले म्हणजे ते कधी बुडत नाही, त्यातलाच हा व्यवहार आहे.

हौसेतून सुरू झालेल्या या विद्येचा आता समुद्रालाही काही उपयोग होऊ लागला आहे. छाटून लावलेल्या फांद्यांच्या रोपवाटिका समुद्राच्या तळाशी करून त्या उजाड खडकांवर लावण्याचे प्रयत्न फ्लॉरिडात आणि अन्यत्र चालू आहेत. गुजरातेत कच्छच्या आखातात मिठापूरनजीक असे प्रयत्न झाले आहेत. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मंडळींनी ऋतू, चंद्रकला आणि पाण्याची उष्णता यांचे कृत्रिम चक्र टाकीत निर्माण केले आणि २०१३ मध्ये प्रवाळांकडून तेथे अंडी घालविली. तुकडा कितीही वाढविला तरी तो मूळ जिवाचीच प्रतिकृती असतो. अंड्यांतून मात्र नवनवे, निराळ्या गुणांचे जीव जन्मतात. त्यांतील काही वाढत्या उष्णतेत तग धरू शकतील, अशी आशा या प्रयत्नांच्या मुळाशी आहे.

ही आशा का बाळगावी लागते, तेही सांगितले पाहिजे. पाण्याची उष्णता नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश जास्त वाढली आणि काही आठवडे तशीच राहिली, की प्रवाळ आणि शैवल यांची भागी मोडते. शैवले बाहेर टाकली जातात, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उष्णता न ओसरल्यास उपासमारीने मरतो. वेगाने वाढणारे सांबरशिंगी प्रवाळच बहुधा प्रथम बळी पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे संकट आले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथे प्रवाळ-विरंजन चालू असल्याचे जाहीर केले. टाकीतील पाणी तापले तर पंखा लावता येतो. समुद्रास पंखा लावता येत नाही. काचपात्रात वाचविलेली फांदी जेथे परत लावावयाची, तो समुद्रच तिला जगू देईनासा झाला, तर माळ्याची सारी कुशलता व्यर्थ जाईल.

आता आपल्या मुलखाविषयी. हा लेख वाचून कोणा विद्यार्थ्यास प्रवाळाची टाकी मांडण्याची ऊर्मी आली, तर त्याने आधी एवढे जाणून घ्यावे की भारतात दगडी प्रवाळाच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघास जे संरक्षण, तेच प्रवाळास. त्यास समुद्रातून तोडणे किंवा त्याची खरेदीविक्री करणे हा गुन्हा आहे. दिवाणखान्यात शोभेसाठी मांडावयाचा वाळलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. ज्या देशांत लागवडीचे प्रवाळ कायदेशीर मार्गाने मिळतात, तेथील हौस येथे जशीच्या तशी आणता येणार नाही.

परंतु प्रवाळ पाहावयास आपणांस फार दूर जावे लागत नाही. मुरगावजवळच्या ग्रांडे बेटाच्या आसपास प्रवाळ आहेत. मालवणच्या समुद्रात आहेत. तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, भर समुद्रात पाण्याखाली, प्रवाळांचा एक विस्तीर्ण उंचवटा आहे आणि आंग्र्यांच्या नावावरून तो आंग्रिया बँक म्हणून ओळखला जातो. बडोद्याकडील विद्यार्थ्यांस कच्छच्या आखातात नरारा येथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येतो. किनाऱ्याजवळचे आमचे प्रवाळ पावसाळ्यातील गढूळ पाणी आणि गाळ सोसून जगतात. होडीचा नांगर त्यांच्यावर न टाकणे, त्यांच्यावर पाय न देणे, आठवण म्हणून तुकडा न उचलणे, एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे. जे काम करावयास पालक रोज अल्कता मोजतो आणि थेंबथेंब निवळी सोडतो, ते समुद्र येथे आपल्यासाठी विनामूल्य करीत आहे. त्याच्या कामात आपण अडथळा आणू नये.

विद्यार्थिमित्रहो, वाढ ही सर्वांनाच प्रिय असते. परंतु काचपात्रातील प्रवाळ आपणांस असे दाखवितो की वाढीबरोबर तिची भूकही वाढते. तिची सावली शेजाऱ्यावर पडते. आणि आवर न घातल्यास ती स्वतःच्याच गाभ्यास मारते. वेळीच छाटलेली आणि दुसऱ्यास दिलेली फांदी मात्र दोन ठिकाणी जगते. हे ज्याने नीट जाणले, त्याने टाकी न बाळगताही प्रवाळ पाळण्याचा अर्धा धडा आत्मसात केला, असे म्हणावयास हरकत नाही.